सूर्यास्ताची बाजू सोडली : समुद्रकाठच्या एका हनिमूनचं प्रकरण

लग्न १८ जुलै २०२५ ला, बावीस तारखेपासून सात रात्री मोकळ्या, आणि डोक्यात एकच फोटो. निळ्या पाण्यात खांबांवर उभी लाकडी खोली, तिच्या पायऱ्या थेट समुद्रात उतरलेल्या, मागे मावळता सूर्य. एप्रिलच्या सुरुवातीला दोघं माझ्याकडे आले ते हा फोटो घेऊनच. "ताई, हे कुठलं आहे ते माहीत नाही, पण हेच हवंय," ती म्हणाली. तो नुसता मान हलवत होता.

लोकांच्या सहली आखून देणं हे माझं काम. फोटो घेऊन येणाऱ्यांना मी लगेच हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. आधी दोघांना वेगवेगळं बसवून एकच प्रश्न विचारते : तिसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता तू नेमकं काय करत असशील? तिसराच दिवस, कारण पहिला दमण्यात जातो आणि दुसरा फोटो काढण्यात. तिसऱ्या दिवशी माणूस आपल्या मूळ स्वभावावर येतो.

तिचं उत्तर तयार होतं. पाण्यात. तोंडाला मास्क, पायात फिन्स. तिच्याकडे स्कूबाचं, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली उतरायचं, सर्टिफिकेट आहे आणि मांटा बघायची जुनी हौस आहे. मांटा म्हणजे पाकटाच्या जातीतला अवाढव्य मासा, पंख पसरले की तीन-चार मीटर रुंद. त्याने मात्र बराच वेळ घेतला. मग म्हणाला, सावलीत, हातात पुस्तक, आजूबाजूला कोणी नको. पोहता येतं का? "कमरेएवढ्या पाण्यात उभा राहतो." बोटीचा त्रास होतो का? "बसचाही होतो."

म्हणजे फोटो दोघांचा एक होता आणि दिवस दोन होते. शिवाय ज्या फोटोवर दोघं भाळले होते त्यातल्या खोलीत दुपारी तीनला सावली असणार नव्हती, कारण खोलीचं तोंड पश्चिमेला होतं. आणि तिच्या पायऱ्यांखाली कमरेएवढंच पाणी असेल याची काही खात्री नव्हती. हे मी त्या दिवशी बोलले नाही. फोटो मोडायचा असेल तर त्याच्या जागी दुसरं काहीतरी हातात ठेवावं लागतं, आणि ते अजून माझ्याकडे नव्हतं.

महिना आधीच ठरलेला

रजा हलत नव्हती. जुलैचा शेवटचा आठवडा पक्का. महिना ठरला की जगाचा नकाशा आपोआप निम्मा होतो, आणि खरं सांगायचं तर त्याने काम सोपं होतं. कॅरिबियनमध्ये १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम. अरुबा, बोनेर, कुरासाव ही दक्षिणेकडची बेटं बहुतेक वेळा त्यातून सुटतात, पण मांटा बघायला म्हणून तिथे कोणी जात नाही. थायलंडच्या अंदमान बाजूला, म्हणजे फुकेत-क्राबीकडे, तेव्हा पावसाळा. पॅसिफिकमधल्या बोरा बोराला कोरडा हंगाम, हवा उत्तम, पण जाण्या-येण्यातच रजेचा मोठा तुकडा गेला असता. ग्रीसमधलं सँटोरिनी तिच्या मैत्रिणीने सुचवलं होतं. तिथली पांढरी घरं ज्वालामुखीच्या विवराच्या काठावर, समुद्रापासून शेकडो फूट उंच कड्यावर बसली आहेत. ज्या गच्चीवरून समुद्र दिसतो तिच्याखाली किनारा नाही. किनारा आहे बेटाच्या पूर्वेला, कामारी आणि पेरिसाला, काळ्या वाळूचा. समुद्र बघायचा असेल तर सँटोरिनी, समुद्रात उतरायचं असेल तर नाही. हे पाच मिनिटांत निकालात निघालं.

झांझिबार आणि सेशेल्स यांच्यावर मात्र आमचा बराच वेळ गेला, आणि तो वाया गेला असं मला वाटत नाही, कारण पुढे जे ठरलं त्याचा धडा तिथेच मिळाला.

झांझिबारला जुलै म्हणजे कोरडा, आल्हाददायक. रिसॉर्टचे फोटो पाहिले तर पूर्व किनाऱ्यावरच्या पाजे-जांबियानीचे सगळ्यात देखणे. पण त्या बाजूला ओहोटीला समुद्र इतका मागे जातो की पोहायला पाणी शोधत चालावं लागतं. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या आसपास जातो, आणि तळ सपाट असल्यामुळे तो फरक आडवा पसरतो. फोटो अर्थातच भरतीच्या वेळी काढलेले. त्याच बेटाच्या उत्तर टोकाला, नुंगवी आणि केंडवाला, दिवसभर पोहता येतं. एकच बेट, एकच महिना, हॉटेलांचे तारेही तेवढेच, आणि दोन बाजूंना दोन वेगळे समुद्र.

सेशेल्सचंही तेच, फक्त तिथे कारण वारा. मे ते सप्टेंबर-ऑक्टोबर आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात. पाऊस कमी असतो, हवा थंडावलेली असते, पण त्या बाजूचे किनारे खवळलेले असतात आणि काही ठिकाणी समुद्री शेवाळाचे ढीग येऊन पडतात. ला दिग बेटाच्या आग्नेयेचा ग्राँ आन्स किनारा दिसायला रांगडा, पण प्रवाह असा की पोहणाऱ्यालाही नको. त्याच दिवसांत माहे बेटाच्या वायव्येचा बो व्हालों किनारा शांत. डिसेंबर ते मार्च वारा उलटतो आणि बो व्हालोंलाच लाटा येतात. त्याला सेशेल्स मनापासून आवडलं होतं, ते ग्रॅनाइटचे गुळगुळीत दगड वगैरे. पण माहे ते प्रालँ बोट तासाभराची, जुलैत ती चांगलीच हलते, आणि बसमध्येही पोट ढवळणाऱ्या नवऱ्यामुलाला लग्नानंतर चौथ्या दिवशी मी तीत बसवणार नव्हते. विमानाचा पर्याय होता. पण मांटांची खात्री नव्हती, आणि तिचं मन तिथेच अडकलेलं.

मालदीव, आणि तेही पावसाळ्यात

मालदीवला जुलै म्हणजे नैऋत्य मोसमी वाऱ्यांचा काळ. कोरडे महिने साधारण डिसेंबर ते एप्रिल. त्यामुळे बहुतेक लोक जुलै म्हटलं की हे नाव खोडतात, किंवा दर उतरलेले असतात म्हणून डोळे मिटून घेतात. दोन्ही मला पटत नाही. पाऊस तिथे सहसा सरींनी येतो, तास-दोन तास झोडपतो आणि ओसरतो. कधी मात्र दोन-तीन दिवस आभाळ उघडत नाही. याची हमी कोणी देऊ शकत नाही, मीही दिली नाही.

पण याच वाईट म्हटल्या जाणाऱ्या महिन्यांत बा अटॉलमध्ये, म्हणजे प्रवाळ बेटांच्या एका कड्यात, एक गोष्ट घडते. अटॉलच्या पूर्व कडेला हनिफारू नावाची छोटी खाडी आहे. मे ते नोव्हेंबर या काळात मोसमी प्रवाह आणि भरतीचं पाणी मिळून तिच्यात प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, कोंडून घालतात आणि ते खायला मांटा गोळा होतात. बा अटॉलला २०११ मध्ये युनेस्कोचं जीवावरण क्षेत्र म्हणून मान्यता मिळाली. हनिफारूत स्कूबा चालत नाही, फक्त वरून पोहत बघायचं, मार्गदर्शकासोबत आणि ठरलेल्या वेळापुरतं. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास भरती जोराची, म्हणून तेव्हा शक्यता बरी असं तिथले लोक सांगतात. मी पंचांग काढलं. २४ जुलैला अमावस्या. ती टाळ्या वाजवायचीच बाकी होती.

त्यामुळे देश ठरला, अटॉल ठरलं. बा मध्ये आलिशान म्हणता येतील अशी रिसॉर्ट पुष्कळ. मालदीवमध्ये बहुतेक ठिकाणी एका बेटावर एकच रिसॉर्ट असतं, १९७२ मध्ये तिथे पर्यटन सुरू झालं तेव्हापासूनची ही पद्धत. याचा अर्थ असा की बेट चुकलं तर संध्याकाळी बाहेर पडून दुसरीकडे जायची सोय नाही. खोली चुकली तर बदलता येते, बेट चुकलं तर सात रात्री तिथेच.

तीन बेटं निवडून मी उपग्रहाची छायाचित्रं घेऊन बसले. हे काम मला मनापासून आवडतं. रिसॉर्टच्या स्वतःच्या फोटोत जे कधीच नसतं ते तिथे वरून दिसतं : किनाऱ्याला वाळूच्या पोत्यांचा बांध आहे का, म्हणजे वाळू वाहून जाते का, कामगारांची वसाहत आणि जनरेटर कुठे, रीफची, म्हणजे पाण्याखालच्या प्रवाळाच्या रांगेची, गडद कड किनाऱ्यापासून किती लांब. मालदीवच्या छोट्या बेटांवर वाऱ्याबरोबर वाळूही बाजू बदलते. एका मोसमात रुंद असलेला किनारा दुसऱ्यात पट्टीएवढा उरतो.

एका बेटाची रीफ वाळूपासून अगदी जवळ होती, पोहत दोन-तीन मिनिटांवर. म्हणजे बोटीत न बसता तिला रोज पाण्यात जाता येणार, आणि तो किनाऱ्यावर बसून तिला बघू शकणार. पण रीफ जवळ असून भागत नाही, ती जिवंत हवी. मालदीवच्या प्रवाळांना १९९८ आणि २०१६ मध्ये पाणी तापल्याने मोठा फटका बसला, आणि एप्रिल २०२४ मध्ये जगभरातल्या चौथ्या मोठ्या प्रवाळ-विरंजनाची, म्हणजे प्रवाळं पांढरी पडण्याची, घोषणा झाली. म्हणून मी रिसॉर्टच्या डाइव्ह सेंटरला सरळ लिहिलं : यंदा काढलेले, तारीख असलेले चार फोटो पाठवा. एकाने जुनेच जाहिरातीतले पाठवले. दुसऱ्याने उत्तरच दिलं नाही. तिसऱ्याने मोबाइलवर काढलेले, जरा गढूळ, पण तारखेसकट पाठवले. त्यात पांढरी पडलेली प्रवाळंही होती आणि माशांचा थवाही. आम्ही तेच बेट घेतलं. मेलेलं प्रवाळ न लपवणारा माणूस खोलीबद्दलही खरं बोलेल, असा माझा हिशेब.

पाच वाजून दहा मिनिटं

विमानाची तिकिटं दोघांनी आधीच काढून ठेवली होती, माझ्याकडे यायच्या आधी, स्वस्त मिळाली म्हणून. माले विमानतळावर उतरायची वेळ संध्याकाळी ५ वाजून १० मिनिटं.

इथे माझाच पहिला आराखडा कोसळला. रिसॉर्टला नेणारी सीप्लेन, म्हणजे पाण्यावर उतरणारी छोटी विमानं, फक्त उजेडात उडतात. वैमानिकाला पाणी डोळ्यांनी दिसायला हवं, आणि जुलैत तिथला सूर्यास्त सव्वासहाच्या पुढे-मागे. तुमचं विमान साधारण साडेतीन-चारच्या आत उतरलं नाही तर त्या दिवशी सीप्लेन नाही. मी सात रात्रींचं गणित मांडताना ही वेळ बघितलीच नव्हती. मला हे रिसॉर्टच्या आरक्षण विभागाने कळवलं, आणि वर सुचवलं की पहिली रात्र विमानतळाजवळच्या हॉटेलात काढा. रिसॉर्टची पहिली रात्र मात्र भरलेलीच राहील. म्हणजे सातातली एक रात्र दोनदा भरायची आणि एकदाही मिळायची नाही.

मार्ग दुसरा निघाला. बा अटॉलमध्येच धरवंधू बेटावर २०१२ पासून छोटा विमानतळ आहे. मालेहून देशांतर्गत विमान वीसेक मिनिटांत पोचतं, अंधार पडल्यावरही जातं, पुढे स्पीडबोट. वेळेत बसत होतं, शिवाय सीप्लेनपेक्षा स्वस्त. अडचण एकच, ती स्पीडबोट. रात्रीची, जुलैतली, आणि तो. मी त्याला फोन करून स्पष्ट विचारलं. "किती वेळ?" "पंचवीस मिनिटं." "पोटात काही नसेल तर निभावेन." मग औषध बोटीत चढताना नव्हे तर मालेहून निघायच्या आधी घ्यायचं, आणि बोटीत मागच्या बाजूला बसायचं, हेही ठरलं. हनिमूनच्या आखणीत हे वाक्य कुठल्याही माहितीपत्रकात सापडणार नाही, पण पहिली रात्र त्यावरच अवलंबून होती.

रिसॉर्टच्या दरपत्रकावर प्रत्येक आकड्यापुढे दोन अधिक चिन्हं होती. या धंद्यात त्याला प्लस प्लस म्हणतात : सेवाशुल्क वेगळं, कर वेगळा. सेवाशुल्क दहा टक्के, आणि त्या बेरजेवर पर्यटन जीएसटी. आमच्या कोटेशनमध्ये तो सोळा टक्के धरला होता, पण १ जुलै २०२५ पासून तो सतरा झाला. राहणं जुलैतलं, म्हणजे कर जुलैचाच. शंभराचे १२७.६ नाही तर १२८.७. फरक छोटा, पण मोठ्या बिलावर तो जाणवतो, आणि निघतानाच्या काउंटरवर कळला तर जास्तच जाणवतो. त्याशिवाय दर माणशी दर रात्री हरित कर. मी दुरुस्त कोटेशन मागून घेतलं. आणि हनिमूनची म्हणून जी सवलत होती तिला विवाह नोंदणीचा दाखला लागत होता. लग्न आणि प्रवास यांत चारच दिवस. दाखला तेवढ्यात हातात येणार नाही हे उघड होतं. नंतर ईमेलने पाठवला तरी चालेल, असं आधीच लिहून घेतलं. तिला एवढंच बजावलं की नाव बदलायचं असेल तर परत आल्यावर बदल. तिकीट, पासपोर्ट आणि आगमनापूर्वी ९६ तासांच्या आत भरायचा मालदीवचा ऑनलाइन फॉर्म, या तिन्हींवर एकच नाव हवं.

सूर्यास्त महाग का असतो

आता खोली. आणि इथे फोटो परत आला.

त्या बेटावर चार प्रकारच्या खोल्या : वाळूवरच्या बीच व्हिला आणि पाण्यावरच्या वॉटर व्हिला, दोन्हींत सूर्योदयाची बाजू आणि सूर्यास्ताची बाजू. सूर्यास्तवाल्या महाग. ती म्हणाली, एकदाच तर जातोय, सूर्यास्तच घेऊ. खर्चाला मर्यादा होती, पण हात आखडता घ्यावा लागेल अशी नव्हती. बसलं असतं.

मी कागदावर बेटाची आकृती काढली. जुलैत वारा पश्चिम-नैऋत्येकडून. म्हणजे सूर्यास्ताची बाजू ही वाऱ्याच्या तोंडावरची बाजू. लाटा तिथे, गढूळ पाणी तिथे, उडते तुषार तिथे, आणि पावसाची सर आली की ती आडवी व्हरांड्यात येणार तीही तिथेच. पूर्वेची बाजू बेटाच्या झाडांच्या आडोशाला. आणि सावली? पूर्वाभिमुख व्हरांड्यावर सकाळी ऊन येतं, दुपारनंतर घराचीच सावली पडते. त्याची तीन वाजताची खुर्ची पूर्वेलाच होती. पश्चिमेला त्या वेळी सूर्य डोळ्यांत. आणखी एक गंमत अशी की जुलैअखेर तिथे भर दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो, त्यामुळे उत्तरेकडे तोंड असलेल्या डेकला दिवसभर सुटका नाही. हे रिसॉर्टवाले सांगत नाहीत, कारण दरपत्रक बारा महिन्यांचं एकच असतं. जानेवारीत सूर्यास्ताच्या बाजूला जास्त पैसे मोजावेत, मीही मोजीन. जुलैत ते वाऱ्याचे पैसे होतात.

"मग सूर्यास्त बघायचाच नाही?" तिने विचारलं.

बेट आडवं ओलांडायला सहा मिनिटं लागतात, मी म्हटलं. चालत जा, बघा, परत या.

वॉटर व्हिलाचं मात्र ती सोडेना, आणि तिचं चूक होतं असंही नाही. पाण्यावरच्या या खोल्यांची सुरुवात १९६७ मध्ये फ्रेंच पॉलिनेशियातल्या रायातेया बेटावर झाली. तीन अमेरिकन मित्रांनी तिथे हॉटेल घेतलं होतं आणि त्या जागेला धड किनाराच नव्हता. म्हणून त्यांनी खोल्या पाण्यावर नेल्या. किनारा नाही यावर काढलेला तो तोडगा होता. पुढे तोच चैनीची खूण झाला, आणि उत्तम किनारा असलेल्या बेटांवरही लोक किनारा सोडून पाण्यावर राहायला लागले. मला यात जरा विनोद दिसतो. तिला दिसला नाही.

त्याला मी विचारलं तर तो म्हणाला, तिला हवंय तर घेऊ. हे उत्तर मी कधीच धरत नाही. पुन्हा विचारलं, रात्री उठलास आणि डेकवर गेलास, कठडा नाही, खाली काळं पाणी, मग? तो गप्प झाला. मग म्हणाला, दोन रात्री जमेल. सात नाही.

तर पाच रात्री पूर्वेच्या बीच व्हिलात आणि दोन वॉटर व्हिलात, तीही पूर्वेचीच. कोणत्या दोन? पहिल्या दोन घ्याव्यात असं तिचं मत, उत्सुकता होती. पण पहिल्या रात्री पोचायलाच नऊ वाजणार, अंधारात पाण्यावरची महागडी खोली काय करायची? शेवटच्या दोन रात्रींना आणखी एक कारण मिळालं. अनेक डाइव्ह केल्या की पुढचं विमान पकडण्याआधी किमान अठरा तास थांबायचं असतं. परतीचं विमान २९ तारखेला सकाळी, म्हणजे तिची शेवटची डाइव्ह २७ ला, आणि अठ्ठावीसचा दिवस तिलाही कोरडा काढावा लागणार. ज्या दिवशी तिला डाइव्ह करता येणार नाही तो दिवस पाण्यावर बसून काढायला उत्तम. खोली बदलताना अर्धा दिवस जातो, दुपारी बारा ते तीन माणूस अधांतरी असतो. पण ते एकाच रिसॉर्टमध्ये असेल तर सामान ते लोक हलवतात. दोन वेगळी बेटं मी मुद्दामच घेतली नव्हती. जेवण मात्र सगळंच आधी धरून घेतलं. एकाच रिसॉर्टच्या बेटावर नुसता नाश्ता घेऊन राहणं म्हणजे रोज संध्याकाळी दरपत्रक वाचत बसणं.

प्रत्यक्षात

स्पीडबोट निभावली. "उलटी नाही, पण बोललोही नाही," असा त्याचा रात्री पावणेदहाचा निरोप. त्यांच्या घड्याळात पावणेदहा, मालेत पावणेनऊ. संध्याकाळचा उजेड जास्त मिळावा म्हणून तिथली काही रिसॉर्ट आपलं घड्याळ तासभर पुढे ठेवतात.

दुसरा निरोप दुसऱ्या दिवशी सकाळी आला आणि तो चांगला नव्हता. पहाटे सव्वापाचला इंजिनाचा आवाज, मग लोखंडी पिंपं आपटल्यासारखा, मग माणसांची हाकाटी. खोलीपासून पन्नास-साठ पावलांवर जेटी होती आणि तिथे मालाची बोट लागत होती. रोज.

ती जेटी मी उपग्रहाच्या चित्रात पाहिली होती. रिकामी होती, एकही बोट नाही. मुख्य जेटी बेटाच्या पश्चिमेला, बोटी तिथे. मी समजले ही जुनी, वापरात नसलेली. चित्राची तारीख फेब्रुवारीची होती. फेब्रुवारीत वारा ईशान्येकडून, पश्चिम बाजू शांत, म्हणून बोटी पश्चिमेला. जुलैत वारा फिरला की तेच लोक शांत बाजूला येतात, म्हणजे पूर्वेला. मी ज्या कारणाने ती खोली निवडली नेमक्या त्याच कारणाने बोटवाल्यांनी ती जेटी निवडली होती. इतकं सगळं वाऱ्यावर मांडून बोटींनाही वारा असतो हे माझ्या डोक्यात आलं नाही. रिसॉर्टलाही दोष देता येईना. मी विचारलंच नव्हतं, तुमची मालाची बोट जुलैत कुठे लागते. आता विचारते. लेखी.

बेट भरलेलं होतं. तिसऱ्या दिवशी पूर्वेलाच पण उत्तर टोकाकडे एक व्हिला रिकामा झाला, तिथे त्यांना हलवलं. तिथून रीफ थोडी लांब पडली. तिने तक्रार केली नाही. पहाटेची झोप दोघांनाही रीफपेक्षा प्यारी होती.

हनिफारूला तीन फेऱ्या ठरल्या होत्या. तेवीसला काही नाही, नुसतं हिरवट पाणी. चोवीसला, अमावस्येला, बोट निघालीच नाही, वारा फार होता. पंचविसाला भर पावसात गेले आणि मांटा होते. तिने सात मोजले, मग मोजणं सोडलं. तोंड उघडून एकामागून एक, गोल गोल, जाता जाता तिच्या इतके जवळून की तिने हात छातीशी घट्ट धरून ठेवले, कारण शिवायची बंदी. तो बोटीत होता. अंगावर टॉवेल, टॉवेलवर पाऊस. त्याला वरून पाण्याखाली सरकणाऱ्या काळ्या सावल्या दिसल्या, आणि एकदा पंखाचं टोक पाण्याबाहेर आलेलं. पाण्यात उतरतोस का असं मार्गदर्शकाने दोनदा विचारलं म्हणे. तो उतरला नाही, आणि याचं दोघांपैकी कोणालाही वाईट वाटलेलं नाही.

दुपारी तीनची खुर्ची मात्र ठरल्यासारखी मिळाली. सावली बरोबर अडीचच्या सुमारास यायची. सात दिवसांत त्याने दोन पुस्तकं संपवली आणि तिसरं पावसात भिजवलं.

वॉटर व्हिलाची पहिली रात्र त्याला झोप नाही. आडोशाची बाजू असली तरी पाण्यावरची रांग बेटाच्या झाडीपासून पुढे गेलेली. रात्री वारा वळसा घालून आला आणि जमिनीखाली फळ्यांवर पाणी थपडा मारत राहिलं. ती गाढ झोपली. दुसऱ्या रात्री मात्र दोघं डेकच्या काचेच्या तुकड्यातून खालच्या दिव्यात येणारे मासे बघत एक वाजेपर्यंत जागी, हे फोटोवरून कळलं. तिने त्या फोटोखाली काही लिहिलं नव्हतं, म्हणून मीही काही विचारलं नाही.

सूर्यास्त बघायला ते सहा मिनिटं चालत चार वेळा गेले. दोनदा ढग होते.

परत आल्यावर आठवडाभराने त्याचा फोन. दाखला पाठवला, सवलत मिळाली, वगैरे. मग जरा थांबून म्हणाला, "ती पश्चिमेची बाजू शांत कधी असते? म्हणजे, परत जायचं झालं तर?"

जानेवारी-फेब्रुवारी, मी सांगितलं. पण तेव्हा हनिफारूत मांटा नसतात.

मागून तिचा आवाज आला, "मग नको." तो म्हणाला, "थांब ना." फोन त्यांनी तसाच चालू ठेवला होता, म्हणून मीच बंद केला.